सुर्वेसरांची मोडवही

सुर्वेसरांसमोर एखादी वस्तू मोडली, की मुलीचं लग्न ठरल्यासारखा त्यांचा चेहरा खुलतो. मग ते पेन असो, नाहीतर मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा पाय. “मोडला ना? बरा झाला! आता का मोडला ता लिवा.” आणि पिशवीतून मोडवही बाहेर.

मोडवहीत तीन रकाने: काय मोडलं, का मोडलं, आता काय बदलायचं. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी शिकवते. माझ्या चष्म्याची काडी तुटली, तेव्हा नववीच्या पोरांनी ती जोडण्याआधी अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली होती.

याच पोरांना घेऊन सरांनी आकाशात फुगा सोडायचं काढलं. विमानांच्याही वर जाऊन तो फुटणार आणि कॅमेऱ्याचा डबा पॅराशूटने खाली येणार. डबा म्हणजे मिरकरवाडा बंदरावरून आणलेली थर्माकोलची मासळीची पेटी. ती गच्चीवरून आपटली, फुटली, पुन्हा बांधली. थंडी सोसेल का, म्हणून तिथल्याच बर्फाच्या कारखान्यात दिवसभर बर्फात पुरली. मी दिलेली शुभेच्छांची चिठ्ठी सरांनी वजन वाढतं म्हणून बाहेर काढली. परवानग्यांची फाइल मात्र फुग्याहून जड झाली.

जानेवारीत एका सकाळी मैदानावरून फुगा सुटला. आधी खोलीएवढा, मग लिंबाएवढा, मग नुसतं आकाश. तासाभराने डब्यातलं माग दाखवणारं यंत्र बंद पडलं. वरच्या थंडीपुढे आमचा बर्फ म्हणजे शेकोटीच, यंत्राची बॅटरी गारठली. तेवढं वहीत लिहून झालं, पण डबा गेला तो गेलाच. त्यात पोरांची दोन वर्षांची मेहनत होती, आणि सर मे महिन्यात निवृत्त होणार होते.

डब्यावर सरांचा नंबर होता. सर फोन हातातून सोडेनात. कुणी केला, तर “लाइन मोकळी ठेवा!” म्हणून कट. चहासुद्धा गार व्हायचा. ‘बरा झाला’ हे शब्द नऊ दिवस कुणी ऐकले नाहीत.

नवव्या दिवशी फोन आला. कोल्हापूरकडचा आवाज साऱ्या स्टाफरूमला ऐकू गेला. “ओ सर, तुमचा डबा आमच्या उसात पडलाय. वास माशाचा येतोय, पण आत मासं न्हाईत, वायरी हाईत!”

डबा आला. वर्गातल्या पडद्यावर फोटो उमटले. भरदिवसा काळंभोर आकाश. खाली वाकलेली पृथ्वी, तिच्या कडेला निळ्या हवेचा पातळसा पदर, आणि आमचा अख्खा किनारा बोटभर. तीस वर्षं विशेषणं शिकवली, त्यातलं एकही मला आठवेना.

सर म्हणाले, “वही आणा, मॅडम.” मी उघडली ती नेमकी भलत्या पानावर. काय मोडलं: निनादशी बोलणं. निनाद त्यांचा मुलगा. तीन वर्षं मुंबईहून आला नव्हता. का मोडलं: ‘तो ऐकत नाही’ खोडलेलं. ‘मुंबईची हवा’ खोडलेलं. शेवटी उरलं होतं, ‘मी ऐकलं नाही.’ तिसरा रकाना कोरा.

मी पाहिलं, हे सरांनी पाहिलं. वही घेऊन ते व्हरांड्यात गेले; मी दारातच उभी होते. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘वाट बघायची नाही. फोन आपण करायचा.’ आणि तिथेच नंबर लावला.

पलीकडून घाबरा आवाज आला, “बाबा? काय मोडलं?”

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, “सांगतो. येळ हाय ना तुला?”