दोन जावयांच्या तांबडशेपट्यांची हकीकत

वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडकरूंनी जिन्यात वारंवार गाठून पुसणे केले की, तळमजल्यावर नक्की काय जाहले, दोन भले जावई भर दुपारी गाड्या लावायच्या जागेत एकेक अजगर गळ्यात घालून एकमेकांस रंग काय दाखवीत होते, आणि पुढे एक काचेची हवेली टेम्पोत बसून या घरी कां आली. सबब जे घडले ते, पदरचे न घालता व कोणाची लाज न राखता, येथे लिहिले असे. वाचणारांनी हसू आवरावे, कारण ज्यांच्यावर गुदरले त्यांपैकी एक अद्याप याच इमारतीत राहतात आणि पाण्याचा पंपही तेच सुरू करतात.

तर तळमजल्यावरील रंगवाले म्हणून जे मशहूर, ते रंगाच्या दुकानी रंग कालवण्याच्या हुद्द्यावर होते. पांढऱ्यात चाळीस पांढरे वेगळे ओळखावे ऐसा डोळा, आणि गिऱ्हाईक डबा उचलून निघाले की त्यास सक्त ताकीद करावी की, दुकानातल्या दिव्यावर जाऊ नका, रंग उजेडात नेऊन बघा. या डोळस पुरुषाने गाव सोडून जाणाऱ्या एका हौशी गृहस्थाकडून बोआ जातीचा, अजगराच्या वळणाचा, सर्प पैदा केला, आणि मागल्या खोलीत काचेची हवेली उभारून, वर वळत्या मानेचा उबेचा लाल दिवा लावून, त्यात त्यास स्थानापन्न केले, आणि नाव ठेविले श्रीमंत. श्रीमंतांनी या दौलतीत येऊन पराक्रम केला तो इतुकाच की उंदीर गिळून निजले. परंतु दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकून घरी आल्यावर, जो एक जीव काहीच मागत नव्हता तो हाच, म्हणोन रंगवाले काचेपुढे स्टूल टाकून बसत आणि त्यांस बहुत समाधान वाटे.

या सर्पकुळात पाळणारांच्या चर्चेत दोन घराणी. एक खरा तांबडशेपट्या, त्याचे शास्त्रातले नाव कन्स्ट्रिक्टर कन्स्ट्रिक्टर, म्हणजे ज्यास एकदा हाक मारून भागत नाही. त्याची शेपटी रक्तासारखी, पाठीवरचे पट्टे, ज्यांस जाणकार खोगिरे म्हणतात, ते थोडके आणि टोकदार, आणि प्रकृती ऐसी नाजूक की जागा बदलली तरी अन्न टाकावे. दुसरा साधा, शेपटी विटकरी, खोगिरे भरपूर, कोठेही ठेवा, खाऊन निजतो. या साध्यासच शास्त्राने इम्परेटर, म्हणजे बादशहा, ऐसा किताब दिला आहे, त्यावरून शास्त्राचा अंदाज करावा. ही एका जातीची दोन घराणी की दोन निराळ्या जाती, यावर पंडितांत अद्याप हातघाई चालू आहे. सर्पांनी तीत भाग घेतल्याची खबर नाही.

रंगवाल्यांचे साडू कवळीवाले, लोकांच्या कवळ्या घडवणारे, राहणार गावात दुसरीकडे. त्यांजपाशीही एक बोआ, नाव सुलतान, त्यासही एक अख्खी खोली आणि तैसाच लाल दिवा. दोघे साडू एकत्र जेवायला बसले की शेपटीवाचून दुसरा विषय निघत नसे, आणि दोघी बहिणी आपापली ताटे उचलून स्वयंपाकघरात जात.

ऐशांत मातोश्रींच्या, म्हणजे दोघांच्या सासूबाईंच्या, गुडघ्यांनी बंड केले आणि राहत्या घरचा जिना चढवेना. खबर आली की एका लेकीच्या घरी कायमचा मुक्काम करणे प्राप्त. आता दोन्ही घरी जादा खोली एकेकच, आणि दोहींत सर्पाचा अंमल. मग दोघा जावयांनी मसलत केली, जी माणसाच्या पोटी जन्मलेल्यांनी करू नये, आणि करार ठरविला की, खानदानी सर्पास जागा बदलणे जिवावरचे, सबब ज्याचा सर्प साधा ठरेल त्याने तो गावातल्या सर्पमित्रांच्या मंडळाच्या हवाली करून खोली मातोश्रींस द्यावी. रंगवाल्यांनी हात मिळविला खरा, पण श्रीमंत गेले तर स्टूल टाकून कोणापुढे बसावे, या विचाराने त्यांस रात्री जेवण गेले नाही.

करार बायकांच्या कानी गेला, तेव्हा रंगवाल्यांची बायको बहिणीस फोनवर म्हणाली, "आईला ठेवायचं कुणी, हे आता सापाच्या शेपटीवरून ठरणार. ऐकलंस?"

"ऐकलं," बहीण म्हणाली. "आईला सांगू नकोस. हसून हसून गुडघे जास्त दुखतील."

मग पहिली मोहीम खोगिरे मोजण्याची. कवळीवाले सुलतानास पिशवीत घालून चालून आले, आणि दोघे जमिनीवर पालथे पडून, मानेपासून शेपटीपर्यंत बोट न लावता मोजू लागले, आणि मोजणी अर्ध्यात आली की श्रीमंत वेटोळे घालीत आणि मग पुन्हा मानेपासून प्रारंभ. दोन खोगिरे जेथे चिकटली होती ती आपल्या सर्पावर एक धरावी आणि साडूच्या सर्पावर दोन, ऐसा दोघांचा न्याय. तेणेकरून दोघेही जिंकले आणि लढाई फुकट गेली.

दुसरी मोहीम, शेपटीच्या तसबिरी काढून जाणकारांच्या ग्रुपवर रवाना केल्या. तेथून एकाचा जबाब आला की, शेपटी तांबडी आहे खरी, पण दादा, तुमचा हातही तांबडाच दिसतोय. हा जबाब जळफळाटाचा मानून दोघांनी त्यास ग्रुपातून खारीज करविले. हा एक प्रसंग ऐसा होता की दोन्ही साडूंचे एकमत जाहले.

तंटा मिटेना आणि मातोश्री तर टॅक्सीतून उतरल्या. तळमजल्यास जिना नाही म्हणोन तूर्त रंगवाल्यांकडे उतरविले आणि दिवाणखान्यात खुर्चीवर बसविले. तिकडे मागल्या खोलीत दोघे जावई, दोन सर्प आणि एक लाल दिवा, ऐसा अखेरचा निवाडा चालू होता, आणि हा म्हणे माझी तांबडी, तो म्हणे माझी अधिक तांबडी. दिव्याखाली सर्प तांबडे, भिंत तांबडी, कवळीवाल्यांचे टक्कल तांबडे. इतक्यात रंगवाल्यांची बायको धुण्याची बादली घेऊन दारात उभी राहिली.

मग म्हणाली, "दुकानात गिऱ्हाइकाला काय सांगता हो तुम्ही?"

रंगवाले सवयीने बोलून गेले, "रंग उजेडात नेऊन बघा."

"मग?"

रंगवाल्यांचा चेहरा त्या क्षणी कोणत्या रंगाचा जाहला हे कळण्यास मार्ग नाही, कारण दिवा लाल होता.

नाइलाज होऊन दोन्ही फौजा गाड्या लावायच्या जागेत उतरल्या. वर गॅलऱ्यांतून तमाम इमारत लोटली. रंगवाल्यांनी दुकानाचे शेड कार्ड उघडून श्रीमंतांच्या शेपटीस लाविले, परंतु कार्डाची गरजच नव्हती, डोळ्याने केव्हाच ओळखले होते. लोखंडी जाळीस गंज धरू नये म्हणोन खऱ्या रंगाच्या आधी जो रेड ऑक्साइडचा हात मारतात, शेपटी त्या रंगाची होती. मग सुलतानास लाविले, तर तेही रेड ऑक्साइड. कवळीवाले म्हणो लागले की ऊन फार आहे, ढग येऊ द्यावा. ढग आला. ढगातही तेच.

"साडू, दोन्ही साधे आहेत," रंगवाले म्हणाले, आणि श्रीमंतांस खांद्यावर असे सावरून घेतले की जणू कोणी आत्ताच न्यायला आले आहे.

करार पाहता दोघेही हरले, दोन्ही सर्प जप्त आणि दोन्ही खोल्या खाली. माना खाली घालून परत येऊन बघतात तो दिवाणखान्यातली खुर्ची रिकामी. मातोश्री काठी टेकीत मागल्या खोलीत दाखल होऊन, लाल दिव्याची मान हवेलीवरून आपल्याकडे वळवून, त्याखाली पाय लांब करून बसल्या होत्या.

"हा दिवा विझवायचा नाही," त्यांनी फर्माविले. "उजवा गुडघा मोकळा झालाय माझा."

रंगवाल्यांनी चाचरत अर्ज केला की, दिवा श्रीमंतांचा आहे आणि श्रीमंतांस आता जाणे आहे.

"कुठं जातोय तो? ठेवा त्याला त्याच्या काचेत. दोघं मिळून शेकू. तोही गप्प, मीही गप्प. तुम्हा दोघांपेक्षा बरी सोबत आहे." मग कवळीवाल्यांकडे नजर टाकून म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्याकडेही असाच दिवा आहे ना? डावा राहिलाय."

हुकमाची तामिली त्याच आठवड्यात जाहली. सुलतान, त्याची काचेची हवेली आणि दिवा टेम्पोत घालून आणविले. कवळीवाल्यांच्या मोकळ्या खोलीत त्यांच्या बायकोने शिलाई मशीन मांडले आणि नवऱ्यास आत येण्याची मनाई केली. रंगवाले स्टूल घेऊन आत दारापाशी बसतात, बोलण्याची परवानगी नाही.

येणेप्रमाणे मातोश्रींनी एका काठीनिशी, दिवाणखान्यातून मागल्या खोलीपर्यंत चालून, दोन सर्प, दोन दिवे आणि दोन जावई काबीज केले, आणि दोन्ही गुडघे ताब्यात आले. फत्ते मातोश्रींची, ऐसे नमूद असे. दोन्ही शेपट्या साध्या, हेही नमूद असे. फक्त दिव्यांखाली त्या अद्याप रक्तासारख्या तांबड्या दिसतात, आणि रंगवाले खोलीत शिरताना दार चटकन ओढून घेतात, बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणोन.