लांबून तपासलेली पाठ

आमच्या घरात आधुनिक माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. हे मलाच सांगावं लागतं, कारण घरातलं दुसरं कुणी सांगत नाही!

म्हणूनच, "अहो, पाठीवरचा हा काळा ठिपका वाढलाय," असं बायको म्हणाली तेव्हा मी डगमगलो नाही. म्हणजे, उभा होतो तो खाली बसलो, पण डगमगलो नाही.

"केवढा झालाय?"

"मागच्या महिन्यात मिरीएवढा होता. आता शर्टाच्या बटणाएवढा."

"कुठल्या शर्टाच्या?"

"अहो!"

त्वचेचे डॉक्टर शहरात. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडणार, फी अशी की पगाराला भगदाड पडावं, आणि नंबर लागायला चार महिने. पण आमच्या आरोग्य केंद्रात नुकतीच 'दूरस्थ त्वचा तपासणी' सुरू झाली होती. फोटो पाठवायचा, निदान घरपोच, तेही फुकट!

"जागचा न हलता मोकळा होतो बघ," मी म्हणालो आणि शर्ट काढून खिडकीकडे पाठ केली.

बायकोने फोटो काढला, मी पाठवला. उत्तर आलं : 'चित्र अस्पष्ट आहे.' दुसरा न्हाणीघरात काढला, तिथे उजेड पांढरा असतो म्हणून. उत्तर : 'त्वचा आढळली नाही.'

"आढळली नाही? सत्तेचाळीस वर्षं वापरतोय मी ती!"

तिसऱ्या वेळी बायकोने टेबललॅम्प जवळ आणला. "अजून जवळ," मी म्हणालो. तिने आणला. मी अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचं पाणी बंद झालं. आता पाठीवर दोन ठिपके, एक काळा आणि एक लाल. उत्तर तत्काळ आलं : 'कृपया एका वेळी एकच तक्रार नोंदवा.'

शेवटी बायकोला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरने शर्ट-बनियन उतरवायला लावलं, स्टुलावर बसवलं, आणि भिंग लावलेला फोन माझ्या पाठीशी धरला. दुसरा फोन माझ्यासमोर ठेवला. त्यात डॉक्टरांचं कपाळ दिसलं.

"शहरातून बोलतायत," सिस्टर म्हणाली.

"ठिपका कधीपासून आहे?" डावीकडची भिंत म्हणाली. मग तेच वाक्य फोन म्हणाला.

"सिस्टर, भिंत बोलतेय."

"इमारत जुनी आहे."

"जुनी असेल, पण ती मला ठिपका कधीपासून आहे असं विचारतेय!"

तेवढ्यात भिंत शिंकली. सावकाश दहा आकडे मोजावेत, तेवढ्या वेळाने फोनही शिंकला, आणि तसाच, तोंड उघडं ठेवून गोठला.

"हॅलो? आवाज येतोय का?" भिंतीने विचारलं.

"येतोय!" मी भिंतीला सांगितलं.

"मग बोला ना!"

"भिंतीशी बोलू नका," सिस्टर दरडावून म्हणाली. "त्याची नोंद होत नाही."

"डॉक्टर शेजारच्या खोलीत आहेत ना?"

सिस्टरने सुस्कारा टाकला. "शहरातल्या इस्पितळात नेट टिकत नाही. म्हणून दर मंगळवारी ते गाडी करून इथे येतात. एकशे दहा किलोमीटर."

"म्हणजे मला प्रवास पडू नये म्हणून..."

"ते करतात."

"मग मी पाच पावलं चालून त्यांना पाठ दाखवतो की!"

"मुळीच नाही! प्रत्यक्ष तपासणीला शहरातला नंबर लागतो. चार महिने."

इतका वेळ बायको बाकावर माझा शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. शर्टाची बाही तिने पिळून पिळून दोरीसारखी केली होती. ती उठली.

"चला," तिने माझं मनगट धरलं.

"अगं, शर्ट..."

"चला म्हणते ना!"

पहिलं दार तिने उघडलं ते चुकीचं निघालं. आत बैठक चालली होती. पडद्यावर आलेख, आणि एक साहेब छडीने दाखवत सांगत होते, "या योजनेमुळे रुग्णाला कुठेही हिंडावं लागत नाही." आणि मी उघडा आत! सगळे माझ्याकडे बघायला लागले. सवयीने मी वळून पाठ दाखवली.

"हे आपले लाभार्थी," साहेब प्रसंग सावरत म्हणाले. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटोही काढला.

पुढच्या दाराआड डॉक्टर होते. तरुण, कानाला हेडफोन. मला पाहताच खुर्चीसकट मागे सरकले.

"आत येऊ नका! मी इथे नाहीये!"

"नसा!" बायको म्हणाली. "पण बघा." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "पंधरा दिवस झाले डॉक्टर, हे घोरतात आणि मी नुसती त्या ठिपक्याकडे बघत बसते."

मला हे ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी घोरत नव्हतो. डोळे मिटून पडत होतो एवढंच.

डॉक्टरांनी हेडफोन काढला. उठले, हात धुतले, भिंग टेकवलं, अंगठ्याने ठिपका दाबला. भिंतीवरचं घड्याळ बहुधा थांबलं असावं.

"काही नाही हो. वयोमानाचा मस आहे. साधा. तसाच राहू द्या."

"आणि हा लाल?"

"हा तुम्ही भाजून घेतलाय."

बायको डॉक्टरांच्याच खुर्चीत बसली आणि रडली. मलाही रडू येत होतं, पण उघड्या अंगाने रडणारा माणूस फार वाईट दिसतो. मी छताकडे बघत उभा राहिलो.

तपासणीच्या कागदावर छापून आलं : 'दूरस्थ निदान यशस्वी. रुग्णाचा वाचलेला प्रवास : दोनशे वीस किलोमीटर.'

पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या दारावर, वाचनालयात आणि बसथांब्यावर माझी पाठ झळकली. पुरुषभर उंचीची, दोन्ही ठिपक्यांसकट. खाली मजकूर : 'मी घरबसल्या निश्चिंत झालो!' डोकं तेवढं कापलं होतं, रुग्णाचा खासगीपणा जपायचा म्हणून.

"कुणी ओळखणार नाही तुम्हाला," साहेबांनी फोनवर ग्वाही दिली.

त्या भरवशावर मी रविवारी तलावावर पोहायला गेलो. कपडे उतरवले, पाण्याकडे वळलो, तोच मागून चौघे एका सुरात ओरडले, "नमस्कार लाभार्थी!"

हल्ली मी फक्त उताणा पोहतो.