मामाची मोटार आणि एस.टी.चा दोर

"मेलो तरी एस.टी.त पाय ठेवणार नाई," असं पुंडलिकरावांनी दिग्रसच्या भर बाजारात जाहीर केलं होतं, आणि गेली काही वर्षं ते इमानानं पाळलंही होतं. दिग्रस-पुसद रस्त्यावर पूर्वी उतारू नेणारी त्यांची स्वतःची सर्व्हिस मोटार धावत असे. सरकारनं एस.टी. आणली आणि यांची सर्व्हिस बंद झाली. त्यांचा ड्रायव्हर बाबूसिंगसुद्धा एस.टी.त लागला. रावांकडे उरली ती एक विलायती खाजगी मोटार, त्यांच्या लग्नाहूनही जुनी.

आज पुसदला त्यांच्या भाचीचं, सत्यभामाचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. नवरीला मांडवात मामानं हात धरून आणायचं. बहिणीच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, मुद्दाम निरोप धाडला होता, "एस.टी.नं या. त्या डबड्याच्या भरवशावर राह्याल तर मामा म्हणून शेजारच्या डोमाजीले उभा करीन."

झालं! आता राव बैलगाडीनं गेले असते, पायी गेले असते, पण एस.टी.नं जाणं शक्य नव्हतं.

भाचीसाठी घेतलेली भांडी मागं भरून मोटार निघाली. गाव सुटलं आणि खट-खट सुरू झालं.

"अवो, इंजिनातून आवाज येऊन राह्यला," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कोकिळाबाई म्हणाल्या.

"इंजिनातून नाई, तुह्या भांड्यातून."

कोकिळाबाईंनी परात मांडीवर घेतली. खट-खट चालूच. मग पाण्याचा पितळी गुंड घेतला, मग डबे घेतले. शेवटी भांड्यांच्या वर त्यांचं फक्त कुंकू दिसू लागलं, तरी आवाज होताच. चढ लागला की तो वाढायचा.

"चढावर भांडे जास्त वाजतात," राव म्हणाले.

"पण भांडे तं माह्या मांडीवर हायेत."

रावांनी हॉर्न वाजवला.

थोड्या वेळानं बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरमधलं पाणी भाताच्या आधणासारखं उकळत होतं. मोटार लिंबाखाली थांबली.

"वैशाखात माणूस तापते, मोटार काहून तापणार नाई?" असं म्हणत राव नव्या कोऱ्या गुंडानं विहिरीचं पाणी घेऊन आले. इंजिन निवल्यावर ते भरलं, पुन्हा इंजिन सुरू केलं आणि भांड्यांतलं लाटणं काढलं. लाटण्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला. सर्व्हिस मोटारीच्या काळात ते अशीच इंजिनाची नाडी पाहत.

ऐकलं आणि त्यांनी लाटणं झटकन खाली घेतलं. बेरिंग गेलं होतं. साफ गेलं होतं.

"काय म्हणते?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"काही नाई. पोटात गॅस धरला."

कोकिळाबाईंनी इंजिन बंद करायला लावून तेल पाहायची काडी ओढून काढली आणि तेल बोटांवर चोळलं. बोटं चमकू लागली. "हे चांदीवानी काय हाय जी?"

तो बेरिंगचाच कीस होता, हे रावांना पक्कं ठाऊक होतं. पण कबूल केलं तर पुढं एस.टी.च होती.

"पहिले मोटारीत चांदी घालत होते," ते म्हणाले. "कारखानदार इमानदार होते तवा."

पुढच्याच चढावर खाडकन आवाज झाला आणि इंजिन कायमचं गप्प बसलं. ऊन कलू लागलं तरी राव स्टिअरिंग सोडेनात. तेवढ्यात मागून एस.टी. आली. ड्रायव्हरच्या जागेवर नेमका बाबूसिंग.

"बसा राव. मांडव खोळंबला असंन."

कोकिळाबाई परातीसकट केव्हाच वर चढल्या होत्या. राव मात्र रस्त्यातच उभे. सत्यभामा लहानपणी सर्व्हिस मोटारीत त्यांच्याच मांडीवर बसून हॉर्न दाबायची. तिचा हात आज डोमाजी धरणार, या विचारानं ते एस.टी.च्या दारापर्यंत गेले. पण पाय काही उचलेना.

"बाबूसिंग," ते म्हणाले, "दोर हाय काय?"

मग एस.टी. पुढं, दोर मध्ये आणि मोटार मागं, अशी वरात पुसदकडे निघाली. एस.टी.तले लोक मागच्या काचेला नाकं लावून पाहत होते. राव ताठ बसून प्रत्येक वळणावर हॉर्न देत होते.

स्टँडवर उतारू उतरवून वरात मांडवाशी आली. दारात वामनराव उभे. शेजारी फेटा बांधून तयार झालेला डोमाजी आणि नवरदेवाचे वडील पंजाबराव.

"आले एकदाचे एस.टी.च्या मागं," वामनराव हसले.

"एस.टी. बंद पडली होती," राव खाली उतरत म्हणाले. "दिग्रसपासून ढकलत आणली."

"मंग हा दोर कायचा?"

"उतारावर पुढं पळून जाऊ नाई म्हणून बांधली."

सगळ्यांनी बाबूसिंगकडे पाहिलं. त्यानं जुन्या मालकाचं घामानं थबथबलेलं तोंड पाहिलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "होय जी. रावांनीच आणली."

डोमाजीनं मुकाट्यानं फेटा सोडला. रावांनी सत्यभामाचा हात धरून तिला मांडवात आणलं, आणि डोळे भरून आले तेव्हा होमाच्या धुराला शिव्या दिल्या. होम अजून पेटायचा होता.

पुसदच्या पुढं एस.टी. जाणार नव्हती, म्हणून बाबूसिंगही पंगतीला बसला. पंगत उठली तसे पंजाबराव उभे राहिले.

"सरकारच्या गाडीले ढकलणारी मोटार अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाई," त्यांनी जाहीर केलं. "नवरा-नवरी आमच्या केळापूरले याच मोटारीतून जातीन."

मांडवात टाळ्या पडल्या.

"आता तरी सांगून टाका बेरिंगचं," कोकिळाबाई कुजबुजल्या.

"कायले सांगू? पाठवणी माह्याच मोटारीत होईन," राव गरजले. मग धोतर सावरत ते बाहेर पळाले. बाबूसिंग दोराची गाठ सोडायला नुकताच वाकला होता.

"राहू दे, राहू दे," त्याचा हात धरून ते हळूच म्हणाले. "केळापूर पाह्यलं काय रे तुनं कधी?"