डब्यात काय हाय, बाबू?

शेषरावभाऊंना ‘गाडी कुठं पोचली?’ असं विचारलं, की ते आधी आपला प्रश्न टाकत, ‘‘डब्यात काय हाय, बाबू?’’ भाजीचं नाव कळल्याशिवाय गाडीचा पत्ता मिळत नसे.

मी लकडगंजमध्ये एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या लावतो. कोणता माल, कोणती गाडी, कोणतं गाव, हे सगळं मी ठरवतो. मला स्वतःला गर्दीतून स्कूटर काढता येत नाही, ते सोडा. एक वाजता डबा उघडण्याआधी मी रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना फोन लावायचो. बाकीचे ‘‘बस, पोचूनच राहिलो’’ म्हणून मोकळे व्हायचे आणि संध्याकाळी उगवायचे. रायपूर लाइनवरचे शेषरावभाऊ मात्र दहा चाकी गाडी बाजूला लावून, स्टोव्हवर भात टाकूनच फोन उचलत. मग चौकशी. भाजी पातळ की सुकी? वहिनीनं लसूण घातला का? आणि सगळ्यात शेवटी, ‘‘देवरीच्या अलीकडं हाव.’’

समोर व्यापारी ताटकळताहेत आणि मी फोनवर लसणाची जबानी देतोय. शेवटी मी एक युक्ती काढली. डबा न उघडताच रोज सांगायचं, वांगं. सुकं. लसूण घालून. दोन वर्षं मी हे रेटलं.

‘‘रोज वांगं? वहिनी रागावली का गा तुह्यावर?’’ ते विचारायचे. एकदा तर रायपूरहून लाल भाजीच्या चार जुड्या घेऊन आले. ‘‘वहिनीले दे. म्हणा, दुनियेत दुसऱ्याबी भाज्या राह्यतात.’’

हा निरोप मी घरी पोचवला, हीसुद्धा माझीच हुशारी. चारही जुड्या मलाच निवडायला लागल्या.

मग गाड्यांना जीपीएस बसलं. प्रत्येक गाडीचा कॉम्प्युटरवर एक ठिपका. फोनची कटकट संपली. मी डबा निवांत खाऊ लागलो.

पंधराएक दिवसांनी शेषरावभाऊंचा ठिपका गायब व्हायला लागला. तोही बरोबर एक वाजता. मी धावपळ करून फोन लावायचो. ‘‘वायर ढिल्ली झाली असन. डब्यात काय हाय, बाबू?’’

मिस्त्रीनं तीनदा वायर घट्ट केली. तरी एक वाजला की ठिपका नाहीसा.

मी मनात म्हटलं, सापडला. ठिपका लपवून डिझेल विकून राहिला. मी ठिपका जाण्याच्या आणि परतण्याच्या वेळा कागदावर उतरवल्या, खाली लाल रेघ मारली आणि छाती फुगवून कागद शेठसमोर ठेवला.

शेठनं शेषरावभाऊंना बोलावलं. ‘‘वायर तूच काढत होता?’’

‘‘हो जी.’’

‘‘काहून?’’

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. ‘‘चुकलं, जी.’’

गाडीची चावी ठेवून ते निघाले. जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले. ‘‘जेवून घे गा. वांगं थंडं होऊन राहिलं.’’

आठ दिवसांनी डिझेलचा हिशेब लागला. थेंबभरही कमी नव्हतं. मी तो कागद पुन्हा काढला. ठिपका जाण्याची वेळ आणि परतण्याची वेळ, मध्ये जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत दुसरं काही घडलेलं नव्हतं. रोज फक्त माझा फोन गेला होता.

शेठकडे धावलो. तोवर त्यांनी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली होती.

एक वाजता फोन लावला. सवयीनं तोंडातून निघालं, ‘‘कुठं पोचले भाऊ?’’

‘‘पोचतो कुठं आता? पारशिवनीले घरी हाव. एकट्यापुरता भात टाकला.’’ स्टोव्हचा आवाज येत होता. ‘‘डब्यात काय हाय, बाबू?’’

मी झाकण उघडलं. ‘‘मेथी.’’

‘‘म्हणजे वांगं गेलं.’’

‘‘भाऊ, वांगं नव्हतंच कधी.’’

‘‘माहीत हाय गा. दोन वर्षं रोज वांगं कोण खाते?’’

‘‘मग विचारत काहून होते?’’

‘‘तू सांगत तं होता,’’ ते म्हणाले. ‘‘मेथीत लसूण हाय का?’’

मी बोटानं भाजी बाजूला सारून नीट पाहिलं, आणि मग सांगितलं.