कोड कुणाचा, फोन कुणाचा

कॉलेजच्या नोटीस बोर्डापुढे सकाळी दहालाच गर्दी जमली होती. ग्रंथपाल जवळ येताच, नवरदेवाला वाट करून द्यावी तशी ती दोन्ही बाजूंना सरकली.

बोर्डावर महिन्याभरातल्या बाहेरगावच्या फोनांची यादी होती. कॉलेजात नवं टेलिफोन एक्स्चेंज आल्यापासून प्रत्येकाला सहा आकड्यांचा गुप्त कोड मिळाला होता. आधी कोड दाबायचा, मगच बाहेरगावी फोन लागायचा. खासगी फोन करणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून यादी सगळ्यांपुढे लावायची, ही कल्पना खुद्द रजिस्ट्रारसाहेबांची.

ग्रंथपालांच्या नावापुढे सत्तावीस फोन होते. एक सोडून बाकी सगळे एकाच गावी, एकाच नंबरवर, रोज दुपारी, चाळीस-चाळीस मिनिटं!

ग्रंथपालांनी महिन्यात एकच फोन केला होता, बहिणीच्या गुडघ्याची चौकशी करायला, तोही तीन मिनिटांत आटोपला होता. चाळीस मिनिटं सलग ते आजवर कुणाशीच बोलले नव्हते. बायकोशीसुद्धा नाही.

"दिसतं तसं नसतं म्हणतात, ते काही उगीच नाही," भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, आणि गर्दी खो-खो हसली.

ग्रंथपाल तडक रजिस्ट्रारांच्या केबिनमध्ये गेले. हे साहेब म्हणजे जुन्या पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय नवी पेन्सिल न देणारे गृहस्थ. आता चौकशी बसणार, असंच ग्रंथपालांनी धरलं होतं.

"होतं असं कधीकधी. यंत्रच ते," साहेब मान वर न करता म्हणाले. "सोडून द्या."

"पण साहेब, माझी अब्रू..."

"यादी बोर्डावरून काढायला सांगतो."

आणि पाच मिनिटांत यादी निघालीसुद्धा! त्याने तर पुरतंच हसं झालं. तोवर निदान शंकेला जागा होती. आता सगळे म्हणू लागले, बघा, साहेबांचे पाय धरून यादी काढायला लावली.

जेवणाच्या सुट्टीत वाचनालय रिकामं झालं. ग्रंथपाल घरून येणाऱ्या डब्याची वाट पाहत होते. डब्याऐवजी बायको आली. कॉलेजातच कामाला असलेल्या शेजारणीने यादी निघण्याआधीच नंबर उतरवून घेतला होता, आणि तो चिठोरा बायकोच्या मुठीत होता.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"चाळीस मिनिटं कुणी पुरुषाशी बोलतं का?"

"अगं, मी कुणाशीच बोललो नाही!"

"मग लावा हा नंबर. माझ्यासमोर लावा."

कर नाही त्याला डर कशाला, असं मनाशी म्हणत ग्रंथपालांनी कोड दाबला, मग नंबर. बायकोने रिसीव्हरला कान लावला.

"आलात बरोब्बर वेळेवर!" पलीकडून बाईचा आवाज आला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आहे की आग, हे ग्रंथपालांना ठरवता येईना. "अहो, मी..." ते फोनमध्ये कुजबुजले. तीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाचा आवाज चढणार तरी कुठून?

पलीकडून प्रश्न आला, "आज ओरडत नाही आहात?"

"नाही."

"म्हणजे आज माझं ऐकून घेणार?"

या प्रश्नाला नाही म्हणायची ग्रंथपालांची छाती नव्हती. "हो," ते म्हणाले.

मग बांध फुटला. "घराचं ऑफिस केलंत तुम्ही! स्वयंपाकघराच्या दाराला नोटीस? पाहुणे आले तर रजिस्टरात माझी सही? पोरांनाही थोटूक दाखवल्याशिवाय पेन्सिल नाही! जगाचे रजिस्ट्रार असाल, घरी तर नवराच आहात ना?"

नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिले. सगळ्यांचे कोड रजिस्ट्रारांच्याच खणात असत. रुसून माहेरी गेलेल्या बायकोची समजूत काढायला साहेब रोज फोन करत होते, आणि आपलं नाव यादीत नको म्हणून त्यांनी कॉलेजातल्या सगळ्यात अबोल माणसाचा कोड निवडला होता.

ग्रंथपाल रिसीव्हर खाली ठेवू लागले, तर बायकोने त्यांचं मनगट धरलं. टेबलावरची पुस्तकाची चिठ्ठी ओढून तिने लिहिलं: 'थांबा. ती बोलतेय ना.'

ग्रंथपाल थांबले. मधूनमधून "हो" म्हणत राहिले. अखेर पलीकडचा आवाज दमला, तेव्हा बायकोने दुसरी चिठ्ठी पुढे केली: 'चुकलं म्हणा.'

"चुकलं," ग्रंथपाल म्हणाले.

"काय म्हणालात?"

"चुकलं माझं."

बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. "न्यायला येऊ नका. उद्या सकाळच्या गाडीने माझी मी येते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ग्रंथपालांनी कपाळावरचा घाम पुसला. बायको मात्र जायचं नाव घेईना. तिने समोरची खुर्ची ओढली. "किती शांतपणे ऐकता हो तुम्ही! माझंही थोडं आहे."

त्या दुपारी वाचनालय अर्धा तास उशिरा उघडलं.

तिसऱ्या दिवशी रजिस्ट्रार स्वतः वाचनालयात आले. इकडेतिकडे पाहून काउंटरवर वाकले.

"परवा दुपारी मी सासुरवाडीला फोन केलाच नव्हता," ते हळूच म्हणाले. "माझ्या बायकोला काय सांगितलंत?"

"काहीच नाही, साहेब," ग्रंथपाल म्हणाले. "ऐकत होतो. शेवटी फक्त चुकलं म्हणालो."

"काय चुकलं?"

"ते मी विचारलं नाही."

रजिस्ट्रारांनी खिशातून डायरी काढली, पेन उघडलं. "ते विचारायचं नसतं?"

"तुम्ही विचारत होतात?"

"महिनाभर," रजिस्ट्रार म्हणाले, "मी दुसरं काहीच विचारत नव्हतो."