रडारवाले नाना

आमच्या शेजारचे नाना मान वळवत नाहीत. डावीकडून हाक मारा, उजवीकडून मारा, गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलेले नाना समोर जळकोटच्या रस्त्याकडं बघतच म्हणतात, "बोला गुरुजी." नवख्याला वाटतं, मानेचा काही आजार असेल. आजार कसला, खोड आहे! "वळायचं कशाला? चांगली अँटेना जागची हालत न्हाय," हे वर ऐकवतात.

नोकरीभर नाना बेंगळुरूला रडारच्या अँटेना बनवत होते. त्यांची अँटेना म्हणजे एक सपाट फळी, तिच्यावर शेकडो बारक्या अँटेना ओळीनं बसवलेल्या. फळी हलत नाही. एकीला इशारा आधी, शेजारणीला किंचित उशिरा, असं करत गेलं की लाट तिरपी होते आणि पाहिजे त्या दिशेला जाते. विमानात बसवली तर ढगाखालच्या जमिनीचं चित्र काढते म्हणे. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. मात्र ढगाखालचं सगळं बघणारा हा माणूस गावच्या जत्रेला एकदाही आला नाही. दर वर्षी यांचं टेस्टिंग! निवृत्त होऊन परतले तेव्हा त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अर्धांगवायू झालेला होता.

काकू मागच्या खोलीत पडून असतात. त्यांचं माहेरही याच गावातलं, त्यामुळे जत्रेच्या हलगीवर भारी जीव. पूर्वी पालखीचा छबिना त्यांच्या दारावरून जायचा. सरपंचाच्या भावानं गल्लीत जिना पुढं काढला, तेव्हापासून पालखी बाहेरच्या रस्त्यानंच जाते. देवानं वाट बदलली, जिना आहे तिथंच आहे. त्यात आता डीजे. यंदा काकू नानांना एवढंच म्हणाल्या, "एकदा हलगी कानावर पडू द्या वो."

छबिन्याच्या दिवशी डीजे सुरू व्हायच्या आधी नानांनी हलगीवाल्यांना चौकात ओळीनं उभं केलं. "डावीकडच्यानं आधी मारायचं, शेजारच्यानं किंचित उशिरा. आवाज वळवून पाहिजे तिकडं धाडता येतो."

म्होरक्यानं डोकं खाजवलं. "किंचित म्हंजी किती वो नाना?"

"पापणी लवायच्या लई आदी."

बिचाऱ्यांनी वाजवून बघितलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. लोक पोट धरून हसले. "नाना, ह्याचा रिमोट कुठाय?" कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात डीजे सुरू झाला आणि हलगीवाले पालखीपुढं निघून गेले.

माझं डोकं फिरलं. पालखी पार देवळाशी जाईपर्यंत नाना चौकातच उभे होते; मग घरी निघाले, तसा मीही मागोमाग त्यांच्या घरात शिरलो. "अहो, जिना पालखीला आडवा येतो, माणसांना नाही. चार पावलं गल्लीत या, एवढं हलगीवाल्यांना म्हणायला काय झालं होतं?"

नाना चपला काढत राहिले. "जत्रंला कंदी आलो न्हाय म्या. कुठल्या तोंडानं बोलवू? आन बोलवून कुणी आलंच न्हाय, तर हिला काय सांगू?"

या माणसाचा मला संताप आला, आणि त्याच्याइतकंच वाईटही वाटलं.

आतून काकूंचा जडावलेला आवाज आला. "मगापासनं डीजेच वाजतोय. हलगी निघाली का वो?"

छबिना देवळात पोचला होता. हलगीवाले जेवायला बसले होते.

"निघंल आत्ता," नाना म्हणाले. "तू जागी राहा."