साखरमुक्त टाकी

साहेबांच्या रक्तात साखर निघाली आणि दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं: कार्यालयाच्या आवारात कोणीही, कोणत्याही स्वरूपात साखरेचं सेवन करणार नाही. चहा फिका झाला. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून सगळे तो मिटक्या मारत पिऊ लागले.

आता याच आवारात, मागच्या कुंपणाला लागून, गावाच्या सांडपाण्याची टाकी होती. तिच्यातले कोट्यवधी जंतू गावाची घाण खाऊन पाणी स्वच्छ करत. पण नुसत्या घाणीवर त्यांचं भागत नसे. अंगात जोर राहावा म्हणून त्यांना रोज पिंपभर मळी लागे. साखर कारखान्यात उरते ना, ती काळी, चिकट, गोड मळी. ती घालणाऱ्या ऑपरेटरला सगळे दादा म्हणत. टाकीतलं पाणी नदीला जाई आणि नदी खालच्या गावाला. तिथे दादाच्या धाकट्या बहिणीचं सासर होतं, घरात तेच पाणी पीत. म्हणून दादा त्या टाकीला डोळ्यांत तेल घालून जपे.

परिपत्रक निघालं आणि मळीचं पिंप फाटकावरच अडलं. दादा तडक मोठ्या कारकुनांकडे गेला.

"जंतूंना तेवढी सूट द्या हो."

"सूट वैद्यकीय दाखल्यावर मिळते. प्रत्येकाचा दाखला आणा."

"अहो, कोट्यवधी आहेत ते!"

"मग शिबिर घ्या. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

शिबिर झालं. डॉक्टरबाईंनी टाकीत पट्टी बुडवली, तिचा रंग बघितला आणि चुकचुकल्या. आधीच्या मळीमुळे साखर भलतीच वाढलेली! त्यांनी पथ्य लिहून दिलं: गोड बंद, चहात टाकतात त्या बिनसाखरेच्या गोळ्या सुरू, रोज अर्धा तास चालणे. चालण्याच्या रकान्यात दादाने 'पोहतात' असं लिहिलं. ते मंजूर झालं.

गोळ्यांनी कधी कुणाचं पोट भरलंय? आठवड्यात जंतू पटापट मेले. टाकी काळी पडली, वास सुटला. बहिणीचा फोन आला, "दादा, नदी काळी झालीय रे. माझ्या धाकट्या मुलीला जुलाब लागलेत. तू तिथे असताना असं कसं?" दुसऱ्या दिवशी त्याने जेवणाच्या डब्यातून मळी आणली, तर फाटकावर डबा पकडला गेला आणि गोड बाळगल्याबद्दल त्यालाच मेमो मिळाला.

तो साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "साहेब, मरतायत हो ते!"

"सुरुवातीला अशक्तपणा येतोच," साहेब मायेने म्हणाले. "मलाही आला होता. धीर धरायचा."

फेरतपासणीत टाकीची साखर शून्य निघाली. 'पहिली साखरमुक्त टाकी' अशी पाटी लागली, साहेबांचा सत्कार झाला. टाकीजवळ कुणाला उभं राहवेना, म्हणून तो चार इमारती पलीकडे झाला.

नागरिकांच्या शंभर सह्या आणल्या तर विचार करू, असं मोठे कारकून म्हणाले. दादा कागद घेऊन दारोदार फिरू लागला. पहिल्याच घरी एक मावशी पाण्याचा पेला हातात घेऊन बाहेर आल्या.

"आमच्या यांनी कचेरीत फिका चहा ढोसायचा आणि तुम्ही जंतूंना गोडधोड घालणार? शहाणेच आहात!"

"मावशी, घाण खाली जातेय. तिथे माणसं पितात ती."

"खालच्या गावाचं खालचं गाव बघेल. आपलं पाणी वरून येतं."

"वरही गाव आहेच की, मावशी. त्यांचीही टाकी असणार."

मावशींनी हातातल्या पेल्याकडे बघितलं. "मग असेल तिथेही कुणी दादा," असं म्हणून त्यांनी पेला रिकामा केला आणि दार लावलं.

असं करत करत दादा आळीतल्या शेवटच्या दाराशी आला. कागद अजून कोराच होता. ते दार तुमचं होतं. त्याने दोनदा बेल वाजवली. तुम्ही घरातच होता. संडासात पाणी सोडल्याचा आवाज त्याला बाहेर स्पष्ट ऐकू आला.